रद्दीतली यादिरा

गुआयाकिल,
२३ डिसेंबर २००७, रविवार

यादिरा,

आईचा आशीर्वाद. जवळजवळ आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. तू बरी असशील; नसलीस तर गरम सूप पी आणि कानाला फडकं बांध, तिकडे स्पेनात हाडं फोडणारी थंडी असते म्हणे. इथे घामाने पदार्थ खारट होतायत. माझे गुडघे दुखतात, पण ते तू होतीस तेव्हाही दुखत होते, तेव्हा ते तुझ्या खात्यावर टाकत नाही.

आज शेजारी पेतिताच्या घरी तुझा फोन येऊन गेला. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले होते, असं योमायराने सांगितलं असेल. दर रविवारी ती तेच सांगते. माझ्याकडे कोंबड्या नाहीत हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि पेतिताला तर शेजाऱ्यांच्या पोटातलंही माहीत असतं. असो.

मी तीन इयत्ता शिकलेली बाई. शब्द जुळवायला वेळ लागतो. तरी लिहायला बसले, कारण पोटात मावेना. यंदा एकतीसच्या रात्री जाळायला आपल्या घरात जुन्या सालाचा पुतळा बनतोय! आणि असा बनतोय, की मी रात्री डोळे मिटले तरी बोटं चालू असतात. बाकीच्या गल्ल्यांत तेच ते, मंत्री आणि फुटबॉलवाले. गल्लीच्या मंडळाने सगळ्यात चांगल्या पुतळ्याला भाजलेल्या डुकराची आख्खी तंगडी ठेवलीय. ती आमची. मी पेतिताला आजच सांगून टाकलं, तुझी परात घासून ठेव, तुला वाटा पाठवीन.

कल्पना योमीची. बारा वर्षांची झाली आहे तुझी योमायरा, नाक तुझं, हट्ट माझा. शाळेत चित्रकलेला नवीन बाई आल्यात, त्यांनी डोक्यात भरवलंय. कागद, कापड, तार, भुसा, असं निरनिराळं एकत्र आणून करायचं.

"ह्याला मिश्र माध्यम म्हणतात, आजी."

"आमच्यात ह्याला भंगार म्हणतात," मी म्हटलं, "आणि ते बाहेर टाकतात."

"तू कुठे टाकतेस?"

ते खरं आहे. तुझे कोळंबीच्या कारखान्यातले पांढरे गमबूट अजून पलंगाखाली आहेत. होते. आता ते पुतळ्याच्या पायात आहेत.

बघ कसं केलं ते. सेगुंदो सुताराने फळकुटांचा सांगाडा ठोकून दिला. हातांत तार घातली, म्हणजे हवे तसे वाकतात. अंगात भुसा, पण छातीत भुसा घट्ट बसला की माणूस पोलिसासारखा दिसतो, म्हणून तिथे चिंध्या. चेहऱ्यासाठी खाडीच्या काठचा चिखल आणून त्याचा साचा केला. युकाच्या कंदाच्या पिठाची खळ शिजवली. आणि मग रद्दी. इथे एक गोष्ट मी पोरीला शिकवली, तिच्या बाईंना नाही माहीत: कागद कापायचा नाही, फाडायचा. कापलेली कड उठून दिसते. फाटलेली दुसऱ्या फाटलेलीत मिसळून जाते. सात थर दिले, पहिला पोरीने एकटीने. प्रत्येक थर बोटाने दाबून दाबून, नाकाच्या बाजूने, डोळ्याच्या खाचेत. आणि केस कशाचे केले असतील, सांग बघू? जुन्या कॅसेटींच्या फितीचे! तुझ्या त्या रडक्या गाण्यांच्या कॅसेटी, बुरशी लागलेल्या. फीत ओढून काढली आणि कपाळावर चिकटवली. काळेभोर, चकचकीत, वाऱ्याने सळसळतात. सेगुंदो म्हणाला, "काकू, कान लावला तर गाणं ऐकू येईल." लावला त्याने. येडा.

पुतळा कुणाचा, ते आत्ता सांगत नाही. पण एक विचारते. तुझा तीळ डाव्या भुवईखाली होता की उजव्या? मी म्हणते डाव्या. फोटोत दिसत नाही. उत्तर यायच्या आत साल जळून जाईल, तरी विचारलं.

पेतिता एकतीस तारखेला बारा वाजता परत प्रवासाची पेटी घेऊन गल्लीभोवती धावणार आहे, नव्या सालात प्रवास घडावा म्हणून. अकरा वर्षं धावतेय मायामीला जायला, अजून नदीपलीकडे दुरानलाही पोचली नाही. आपल्या घरातून पेटी धावत नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

हां, आणि तू योमीला फोनवर तिसऱ्यांदा विचारलंस म्हणे, ऑक्टोबरात पाठवलेलं जाड पाकीट आजीला मिळालं का. पोस्टाचं काही सांगता येत नाही.

भात करपतोय. थांबते.

सोइला


२९ डिसेंबर, शनिवार

यादिरा,

आधीचं पत्र टाकलं नाही. पोस्टात रांग होती असं लिहिणार होते. रांग नव्हती. मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

पुतळा तुझा आहे, हे तू तिळावरून ओळखलं असशीलच. आता नीट ऐक. आधी गंमत सांगते, मग जे सांगायचं ते, कारण उलट केलं तर गंमत राहून जाईल आणि ती फार चांगली आहे.

योमी जेव्हा म्हणाली, "आजी, यंदा आईचा पुतळा करू," तेव्हा मला काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! मला वाटलं, पोरगी शेवटी माझ्या बाजूची झाली. तू गेलीस त्या डिसेंबरात मी तुझा पुतळा केला होता. तुझा हिरवा ब्लाउज घातला आणि गल्लीच्या मधोमध जाळला. कोणीतरी त्याचा फोटो तुला तिकडे पाठवला. तेव्हापासून आपण दोघी बोलत नाही. हे कागदावर मी पहिल्यांदा लिहितेय. लिहिल्यावर दिसायला बारीक दिसतं.

तर मी आनंदाने फटाक्यांची माळ आणली. पोटात भरायला घेतली तर कार्टी माझा हात धरते.

"फटाके नाही घालायचे."

"मग फुटणार कशी?"

"फुटणार नाहीये. जेवायला बसणार आहे."

"कोण?"

"आई. मला तिला खुर्चीवर बसवून बघायचंय. फोनमधला आवाज कुठून येतो ते मला कळत नाही, आजी. फोटोत ती चपटी आहे."

मी म्हटलं, मग डुकराची तंगडी गेली, खुर्चीवर बसलेल्याला कोण बक्षीस देतं. पण नाताळच्या रात्री बसवली तिने. डोकं अजून साच्यावर वाळत होतं. तेव्हा बिनडोक्याची यादिरा गमबूट घालून आमच्याबरोबर जेवायला! पेतिता पानात उकडलेले तमाल द्यायला आली आणि दारातच क्रूस करून उलटी पळाली. योमी इतकी हसली, की तिला पाणी पाजावं लागलं. मीही हसले. खोटं कशाला बोलू.

मग गुरुवारी उभं करायची वेळ आली. योमी म्हणे, "ती निघाली तेव्हा जशी उभी होती तशी उभी कर." सेगुंदो हातोडी घेऊन तयार. उजव्या हातात पेटी, ते सोपं. "आणि डावा?" मला आठवेना. आठ वर्षं मी रोज तुला त्या दारात उभी बघतेय आणि तुझा डावा हात मला माहीत नाही! तारही ऐकेना, कशीही वाकवली तरी हात खोटा दिसे, बाजारातल्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या बाईसारखा.

शेवटी मी वैतागून बादली उचलली, पेटीच्या जागी, आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिले, तुझ्यासारखी, पाठ घराकडे. डावा हात आपोआप मागे गेला. मागेच राहिला. योमी म्हणाली, "असा का? कोणी धरलाय का तुला?"

धरला होता. मी धरला होता. मनगटाला.

"आता मान," सेगुंदो म्हणाला. "कुठल्या बाजूला वळवू, काकू?"

"वळवायची नाही," मी म्हटलं. "ती वळलीच नव्हती." हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे. योमीला भरवताना म्हटलं, वेणी घालताना म्हटलं, ती तापाने फणफणली होती तेव्हाही म्हटलं. तुझ्या आईने वळून पाहिलं नाही.

"पण का नाही वळली?" योमीने विचारलं. भांडायला नव्हे. तिला मान कशी लावायची ते ठरवायचं होतं, खिळा हातात घेऊन विचारत होती. आणि मी त्या दारात, हातात बादली, हात मागे. आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं.

मग मी ते सगळ्यांपुढे बोलले. सेगुंदो होता, पेतिता होती, आता ते आख्ख्या गल्लीत फिरलंय, तेव्हा तुलाही लिहायला हरकत नाही. मी म्हटलं, "तिने मान वळवायला घेतली होती. मी मनगट आवळून सांगितलं, वळू नकोस. पोर जागी होईल, मग तू जाणार नाहीस आणि आपण तिघी इथे सडू. जा. आणि मग मी हात सोडला."

बँका बंद होत्या, कारखान्याने तुला काढलं होतं, घरात केळ्याशिवाय काही नव्हतं. मीच तुला ढकललं, यादिरा. डिसेंबरात येईन म्हणालीस आणि कागदांवाचून अडकलीस, तेव्हा मला ते पेलवलं नाही, म्हणून ढकलणारा हात विसरून टाकला आणि न वळलेली मान तेवढी ठेवून घेतली. डोक्याने नसतं आठवलं. डोकं माझ्या बाजूचं आहे. तारेने आठवून दिलं.

पेतिता निम्मं ऐकूनच गल्लीत सांगायला सुटली. ते बघायला तू हवी होतीस.

योमीने खिळा मानेला टेकवला. "मग वळवू या ना मान."

"नको," मी म्हटलं. "आज तशीच राहू दे." तिने तशीच ठोकली.

ही झाली गंमत. आता दुसरं.

काल चेहरा पुरता वाळला. रंग दिला, तीळ डावीकडे दिला. योमी म्हणाली, "आजी, घालून बघ, डोळ्यांची भोकं बरोबर आहेत का." मी म्हटलं, तूच घाल. "नाही. तूच घाल." तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

घातला. आरशासमोर गेले. तुझ्या तोंडात माझे डोळे. मला वाटायचं तू तुझ्या बापावर गेलीस; कुठली! ती खाच, त्या खालच्या वळ्या, सगळं माझं. मी तुला ओरडायची तेव्हा तू माझ्याकडे अशीच बघायचीस आणि मला त्याचा राग यायचा. आता कळलं, राग कुणाचा यायचा.

बरं, चेहरा काढताना मी तो खिडकीपाशी धरला, तर आतल्या बाजूला छापील अक्षरं. वर्तमानपत्राची नव्हेत. जाड पांढरा कागद, फाडलेला नाही, अख्खा, डोळ्यांच्या भोकांखाली दोन्ही गालांवर नीट बसवलेला. जांभळा शिक्का. आणि हनुवटीच्या आत तुझी सही.

पाकीट मला मिळालं होतं. अठरा ऑक्टोबरला. योमीला तुझ्याकडे पाठवायला तू नोटरीपुढे केलेला कागद, आणि स्पेनच्या वकिलातीत जायची तारीख: पंधरा जानेवारी, सकाळी नऊ. ती चुकली तर पुन्हा सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, हे मला तीन इयत्तांतही वाचता आलं. मी तो कागद लपवला. जाळणार नव्हते, फाडणार नव्हते. नुसती पंधरा जानेवारी जाऊ देणार होते.

आणि कुठे लपवला? शिलाईमशीनखाली, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात. हे आख्खं शहर वर्षभराची रद्दी कशासाठी साठवतं? जुन्या सालाच्या पुतळ्यासाठी! डिसेंबरात कुठल्याही घरातल्या पोराला विचार, आधी हात कुठे घालशील, तो तिथेच घालेल. माझ्यासारखी शहाणी मीच.

"वाचलास?" मी विचारलं.

"हो."

"कधी?"

"पहिल्या थराच्या दिवशी."

"आणि तोंड शिवलं होतंस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते."

"मग हा आत का चिकटवलास? हातात आणून द्यायचा होतास."

"हातात दिला असता तर तू काहीतरी सांगितलं असतंस." तिने ब्रश पाण्यात बुडवला, धुतला, पुसला. "तू आईला बघायला आत गेलीस तर तुला दिसेल असा लावला."

"आणि मी न घालताच चेहरा जाळला असता तर?"

"तर मला कळलं असतं," ती म्हणाली.

बारा वर्षांची आहे, यादिरा. मी वाढवली आहे. मला थोबाडीत मारावी असंही वाटलं आणि गल्लीत ओरडून सांगावं असंही, की बघा, बघा काय पोर घडवलीय मी.

मी विचारलं, "जायचंय तुला?" ती तुझ्या पुतळ्याचा डावा हात उगाचच सरळ करत बसली.

आता तो कागद खळीने घट्ट बसलाय. पंधरा तारखेला अठरा दिवस सुद्धा नाहीत. ओढला तर फाटेल, भिजवला तर शिक्का वाहून जाईल. तुझ्याकडून दुसरा मागवावा म्हणावं, तर नाताळ आणि सहा जानेवारीच्या राजांच्या सणाच्या सुट्टीत पोस्ट झोपलेलं असतं. मी उद्या बघते काय करायचं ते. कागद मी चिकटवला नसला तरी लपवला मी आहे.

तुझी आई


१ जानेवारी २००८

यादिरा, यादिरा,

निघाला! अख्खा निघाला!

वाफ! मला परवा पहाटे सुचलं आणि मी पोरीला गदागदा हलवून उठवलं. पाण्याने शाई वाहते, पण वाफेने खळ सैल पडते. मोठ्या पातेल्यात युका उकडायला ठेवली, आणि तुझा चेहरा दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यावर. हात भाजत होते. मी सुरीच्या पाठीने कड उचलत होते आणि योमी फुंकर घालत होती. "आजी, हळू." "तू गप." "आजी, सही!" "दिसतेय मला सही!" पेतिता खिडकीत उभी राहून देवाला हाका मारत होती, मी तिला म्हटलं, देवाला राहू दे, पंखा आण. शिक्का एका बाजूला जरासा फुटलाय, पण तारीख, नाव, आकडे, सगळं वाचता येतं. कागद दोन उशांच्या अभ्र्यांत दाबून वाळवला, मशीनच्या फळीखाली. इस्त्री नाही केली. इस्त्रीने पिवळा पडतो.

तो चेहरा मात्र वाफेने मऊ झाला. मी म्हटलं, गेली यादिरा. तो दोरीवर चिमट्याने लटकवला आणि विसरलो. दुपारी योमी अंगणातून ओरडली. वाळताना कागद एका बाजूने ओढला गेला होता. एक गाल पुढे, हनुवटी खांद्याकडे. दोरीवरून तू मागे वळून बघत होतीस. आम्ही काही केलं नाही, खळीने केलं. सेगुंदो म्हणाला, "साचा नीट नव्हता, काकू." मी म्हटलं, "साचा नीट नव्हताच. आता झाला."

तो चेहरा जाळायचा नाही, हे कोणाला बोलावंही लागलं नाही. पण मग सांगाडा उभा, गमबूट उभे, आणि एकतीस तारखेला डोकं नाही! मंडळाचे लोक संध्याकाळी बघायला येणार. तेव्हा योमी मला म्हणते, "आजी, बस. हलू नकोस." आणि चिखलाचा गोळा घेऊन माझ्यासमोर बसली.

कोणी इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. तुझ्या बापानेही नाही. ती बघत होती आणि थापत होती, आणि मधेच म्हणाली, "आजी, तू रागावत नसतेस तेव्हाही रागावल्यासारखी दिसतेस. हे इथलं हाडच तसं आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला इतकी वर्षं वाटायचं तू रागावली आहेस."

"निम्म्या वेळा होतेच," मी म्हटलं.

चार थरच झाले, पंख्यापुढे वाळवले. गमबूट काढून माझ्या चपला घातल्या. माझा फुलांचा घरातला झगा. केसांच्या जागी फरशी पुसायच्या पोतेऱ्याचे दोरे. आणि जीभ! जुन्या लाल रबरी चपलेची कापून केलेली जीभ, पोटापर्यंत लोंबणारी, तारेवर लावलेली, वारा आला की वळवळते. मंडळाच्या लोकांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पुतळ्याकडे बघितलं. तंगडी आमची झाली! पेतिताला वाटा पाठवला. कातडीचा.

बारा वाजायच्या आधी सेगुंदोने पुतळ्याचं मृत्युपत्र वाचलं. तो दर वर्षी जुन्या सालाची विधवा होतो, काळा झगा, दाढी तशीच, आणि रस्त्यावर दोरी आडवी धरून गाड्या अडवून रडतो. रडत रडतच वाचलं. योमीने लिहिलं होतं, मी सांगत गेले:

"मी, सोइला, वय सदुसष्ट, अक्कल शाबूत असूनही ती वेळेवर न वापरणारी, आज रात्री जळते आहे. माझी जीभ पेतिताला, तिची वापरून वापरून झिजली आहे. माझे गुडघे ह्या विधवेला, म्हणजे पुढच्या वर्षी नीट लंगडेल. ऐकून न ऐकल्यासारखं करायची माझी कला ह्या गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांना समान वाटून द्यावी. शिलाईमशीन कोणालाही नाही, ते मला लागतं. आणि योमायरा माझी नव्हती. ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. जिची तिला, सांभाळून."

शेवटच्या वाक्याला सेगुंदो खरंच रडला आणि त्याची लाली दाढीत गेली. योमीने ते वाक्य लिहिताना पेन ठेवून दिलं होतं. मी ते पुन्हा तिच्या हातात दिलं.

मग मला पेटवलं. काय पेटले मी! पोटात ती फटाक्यांची माळ होतीच, वाया कशाला घालवायची. जीभ सगळ्यात शेवटी जळली.

सगळे मिठ्या मारत होते तेवढ्यात पेतिता पेटी घेऊन सुटली, मायामीला. मी घरात गेले आणि पलंगाखालची पेटी काढली. तू नव्व्याण्णव सालच्या शेवटच्या रात्री ज्यात उशी भरून गल्लीला तीन फेऱ्या मारल्या होत्यास त्या पेटीची जोडीची, छोटी. योमीपुढे ठेवली.

"धाव."

"नाही."

"का?"

"धावले तर खरंच जाईन." आणि ती पेटीवर बसली. "तू एकटी काय करशील?"

"भांडेन. पेतिता आहे."

"आजी, मी नाही धावणार."

मग मी काय करू? तिच्या खालून पेटी ओढली आणि मीच धावले! माझ्या चपला पुतळ्याच्या पायांत जळत होत्या, तेव्हा अनवाणी, झग्याचा घोळ हातात, गल्लीभर फटाक्यांचा धूर. लोक शिट्ट्या वाजवतायत, सेगुंदो त्याच्या दोरीने माझा रस्ता अडवतोय, मी त्याला पेटी मारली. कोपऱ्यावर छातीत भाता झाला. मागून पावलं ऐकू आली.

"आजी! थांब! आजी, दे ती, ती माझी पेटी आहे!"

मी थांबले. दिली.

ती राहिलेली गल्ली धावली, यादिरा. पहिल्या वळणावर तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी तिला बघू दिलं.

पंधराला नऊ वाजता मी तिला घेऊन वकिलातीत जाते आहे, सातलाच जाऊन बसेन. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. कागदाला युकाचा वास येतोय, त्याबद्दल कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवलं आहे. ती आली की तिला रात्री पाय उघडे टाकून झोपायची सवय आहे, ओरडू नकोस, झोपल्यावर पांघरूण टाक. तुझा चेहरा मी देणार नाही. तो दाराशेजारी खिळ्याला लावलाय, बाहेर जाताना आणि आत येताना दिसतो. तीळ कुठल्या बाजूला होता, तेवढं मात्र अजून कळव. चुकला असेल तर मी दुसरीकडे देईन.

सगळी पत्रं एकाच पाकिटात टाकते आहे, एकही गाळलेलं नाही.

रविवारी फोन कर. मी घरीच असेन. कोंबड्या विकून टाकल्या.

जळून उरलेली,
तुझी आई